व्याधि, चिंता आणि दासबोधांतील एक समास

दासबोधाचे वाचक पुष्कळ आहेत. परंतु तिसऱ्या दशकाचा सहावा समास आवडीनें वाचणारे त्यांत थोडेच असतील. पारायण करणारा तो भराभर उरकतो आणि टीकाकार त्याकडे पाठ फिरवितो. कारण उघड आहे. या समासांत कथा नाहीं, रसाळ दृष्टांत नाहीं. आहे ती रोगांची यादी. खरूज, नारू, देवी, गोवर, मूळव्याध अशीं नांवें एकामागून एक येतात आणि ओवीमागून ओवी त्याच शब्दांवर येऊन थांबते. काव्याच्या नेहमींच्या कसोट्या लावल्या तर हा समास रुक्षच ठरेल. तथापि ज्या घरांत वर्षानुवर्षें चालणारें दुखणें शिरलें आहे, त्या घराच्या दृष्टीनें पाहतां समर्थांच्या लेखनांत याच्याइतका उपयोगाचा भाग दुसरा क्वचितच सांपडेल, असें आम्हांस वाटतें. तें कां, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम 'आध्यात्मिक' हा शब्दच पाहूं. आज तो कानीं पडतांच डोळ्यांपुढें देवघर, प्रवचन, मोक्ष अशा गोष्टी उभ्या राहतात. समासांतील अर्थ निराळा आहे. देह, इंद्रियें आणि प्राण यांच्या योगानें माणसास जो शीण होतो तो आध्यात्मिक ताप. इतर प्राण्यांपासून व पदार्थांपासून होतो तो आधिभौतिक. आणि यमयातनांचा तो आधिदैविक, अशी वांटणी करून समर्थांनीं सहावा, सातवा व आठवा हे समास रचिले. म्हणजे अंगावरची खरूज ही त्यांच्या परिभाषेंत आध्यात्मिक बाब होय! ही त्रिविध वांटणी त्यांनीं नव्यानें केलेली नव्हे. सांख्यांच्या ग्रंथांपासून ती चालत आली आहे. सांख्यकारिकेचे टीकाकार आध्यात्मिक दुःखाचे पुन्हां दोन भाग करितात : वात, पित्त, कफ यांच्या वैषम्यामुळें होणारें तें शारीर, आणि काम, क्रोध, भय, विषाद इत्यादिकांमुळें होणारें तें मानस. ज्वर आणि भय हीं दोन्ही एकाच सदराखालीं घालणारी ही परंपरा आहे.

आमच्या सुशिक्षित घरांतून आज याच्या उलट चालतें. ताप आला तर तो रोग, आणि रोग्यास धास्ती वाटूं लागली तर तो त्याचा दुबळेपणा, असा भेद आम्ही करितों. आधुनिक औषधांनीं हा भेद अधिकच फसवा केला आहे. संधिवातावर कॉर्टिसोनचा उपयोग अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें १९४८ सालीं प्रथम झाला आणि या शोधकार्यास १९५० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच जातीचें प्रेडनिसोलोन आज संधिवात, दमा, मूत्रपिंडाचे विकार अशा अनेक दुखण्यांत देतात. तें कित्येकांचा जीव वांचवितें. पण झोंप उडवितें, भूक वाढवितें, रक्तांतील साखर चढवितें, आणि कांहींचें मन अकारण अस्वस्थ किंवा चिडखोर करितें. दम्यावरील साल्बुटामॉलनें हात कांपतात व छाती धडधडते. क्षयावर नेहमींचीं औषधें चालत नाहींत तेव्हां दिलें जाणारें सायक्लोसेरिन तर प्रत्यक्ष मनावरच परिणाम करूं शकतें. आतां मध्यरात्रीं छाती धडधडूं लागली, तर ती धडधड दुखण्याची, औषधाची, कीं भयाची? रोग्यास तें कळत नाहीं आणि वैद्यासही विचारपूस केल्यावांचून सांगतां येत नाहीं. घरांतील माणसें मात्र निकाल तत्काळ लावितात : मन घट्ट करा! औषध बाहेरून येतें आणि आंत जाऊन शीण देतें. त्याचा ताप आधिभौतिक म्हणावा कीं आध्यात्मिक, हें समर्थांच्या वांटणीलाही कोडेंच पडेल. पण तो ताप आहे, ढोंग नव्हे, एवढें तरी ती वांटणी मान्य करील.

अशा वेळीं रोग्याच्या उशाशीं मनाचे श्लोक येतात. या २०५ श्लोकांची थोरवी आम्ही सांगावी असें नाहीं. परंतु त्यांतील संबोधनाकडे कोणी पाहत नाहीं. हे श्लोक मनास उद्देशून आहेत, आणि ज्याच्या त्यानें ते स्वतःच्या मनास सांगावे हा त्यांचा स्वभाव आहे. तेच श्लोक निरोगी माणसानें आजाऱ्याच्या मनास ऐकविले कीं त्यांचा अर्थ पालटतो. सुखदुःख हें पूर्वसंचिताचें फळ, हा विचार स्वतःपुरता केला तर त्यांत धीर आहे. दुसऱ्याच्या अंथरुणाशीं बसून बोलून दाखविला तर तो आरोप होतो. या आरोपाचा परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीं. ज्यास आपल्या भीतीची लाज वाटते तो ती लपवितो. झोंप लागत नाहीं हें डॉक्टरास सांगत नाहीं. आणि एके दिवशीं वैतागून गोळ्याच बंद करितो. दीर्घकाल घेतलेलें स्टिरॉइड असें एकाएकीं सोडणें घातक ठरूं शकतें. कारण बाहेरून मिळणाऱ्या द्रव्यामुळें शरीरांतील ग्रंथींनीं आपलें काम मंद केलेलें असतें, व तें पूर्ववत् होण्यास अवधि लागतो. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टराच्या सल्ल्यानें आणि हळूहळू.

समर्थांचा जन्म १६०८ चा. त्यांच्या बाळपणींच, १६२३ सालीं, लंडनमध्यें जॉन डन हा कवि-धर्मोपदेशक कडक ज्वरानें अंथरुणास खिळला, आणि त्या दुखण्यावर त्यानें लिहिलेलें 'डिव्होशन्स' हें गद्य पुस्तक १६२४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याचे २३ भाग म्हणजे दुखण्याच्या २३ पायऱ्या आहेत. त्यांत एके ठिकाणीं डन वैद्याचा चेहरा न्याहाळतो, त्यावरील भीति ओळखतो, आणि त्या भीतीनें स्वतः अधिक भितो. आणि भय हें मनाच्या हव्या त्या विकाराचें सोंग घेऊं शकतें, असें निरीक्षण नोंदवितो. रोग्याच्या चिंतेचें इतकें बारीक चित्र समर्थांच्या समासांत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तेथें रोग आहेत, पण रोगी नाहीं. पांचव्या समासांत म्हातारपणीं घरच्यांना नकोसा झालेला गृहस्थ भेटतो. सहाव्यांत माणूस नाहींसा होऊन नुसतीं नांवें उरतात. शिवाय या सर्व निरूपणाचा ओघ दहाव्या समासांतील वैराग्याकडे आहे. ज्यास उद्यां सकाळीं पुन्हां गोळी घ्यावयाची आहे आणि मुलांच्या शिक्षणापर्यंत तरी जगावयाचें आहे, त्याची गरज वैराग्यानें पुरी भागत नाहीं.

पण यादीचा गुण डनच्या चित्रांत नाहीं. डनचें दुखणें हें डनचेंच. समर्थांची यादी कोणाचीही. तींत आपल्या विकाराचें नांव सांपडलें कीं रोग्यास दोन गोष्टी कळतात : हें आपल्या एकट्याचें नाहीं, आणि हें सांगतां येण्याजोगें आहे. क्षुल्लक पुळीपासून महाव्याधीपर्यंत सर्वांना तेथें सारखाच मान आहे. अमुक विकार सांगण्यास लाजिरवाणा, असा भेद नाहीं. याच रीतीनें रोग्यानें वहीच्या एका पानावर तारीख, औषध, मात्रा, झोंप, धडधड आणि मनाची अवस्था हीं रोज लिहून ठेविलीं, तर आठ-पंधरा दिवसांत धडधड गोळीनंतर येते कीं एकांतांत येते, हें पुष्कळदां उमगूं लागतें. आणि डॉक्टरापुढें नुसत्या तक्रारीऐवजीं पुरावा ठेवितां येतो. त्यावरून तो मात्रा, वेळ किंवा औषध बदलूं शकतो, अथवा चिंतेवर निराळा उपचार सुचवूं शकतो.

समर्थ मूळचे जांबचे. तें गांव आतां जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत मोडतें. ठोसरांच्या घरांतील नारायण अडगळीच्या खोलींत दडून बसला आणि आईनें विचारलें तेव्हां आपण विश्वाची चिंता करीत आहों असें म्हणाला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तशीच मंगलाष्टकांतील 'सावधान' हा शब्द ऐकतांच तो मांडवांतून निघून गेला, हीही. आख्यायिका म्हणूनच या दोन्ही घ्याव्या. परंतु त्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. मुलगा चिंता करितो म्हणून राणूबाईंनीं त्याला भित्रा ठरविल्याचें कोणी चरित्रकार सांगत नाहीं. आणि त्या चिंतेचें पुढें सावधपणांत रूपांतर झालें, असें सारे सांगतात. चिंता आणि सावधपणा यांचें मूळ एकच आहे. एकीला नांव नसतें, दुसऱ्याला असतें. आमच्या घरांतील आजाऱ्यास आम्ही श्लोक अवश्य म्हणूं द्यावे, पण ते त्याचे त्यानें म्हणावे. आम्ही त्याच्याजवळ बसून, काल रात्र कशी गेली, एवढें विचारावें आणि उत्तर पुरें होईपर्यंत ऐकावें.