कातरवेळचे कंदील

जॉन सिंगर सार्जंटच्या 'कार्नेशन, लिली, लिली, रोज' या चित्राची छापील प्रत आमच्या ओटीवर कित्येक वर्षे होती. बागेत पांढरे झगे घातलेल्या दोन मुली कागदी कंदील लावीत आहेत. भोवती गुलाब, कार्नेशन आणि त्यांच्याहून उंच वाढलेल्या लिली. मुलांना आवडेल असे गोड चित्र, एवढीच माझी त्याच्याविषयी समजूत. त्याचे नावही एका लोकप्रिय गाण्यावरून घेतलेले. त्या नावाने चित्राचे थोडे नुकसानच केले आहे.

गेल्या दिवाळीत आकाशकंदील टांगताना आमच्या दोन्ही मुलींनी कोण कालवा केला! तो आटोपून, दिवा न लावताच मी आत आले. अंधुक उजेडात चित्रातला लाल रंग काळवंडला होता आणि पांढरे तेवढे वर आले होते. तेव्हा प्रथमच ध्यानात आले, की या दोघी एकमेकींकडे पाहतच नाहीत. हातभर अंतरावर उभ्या, पण प्रत्येकीची नजर आपापल्या कंदिलात. वर आभाळ नाही, क्षितिज नाही. गवत आणि पाने यांनी सारे वेढून टाकलेले. एकान्त दाखवायचा म्हणजे ओसाड बाक आणि पाठमोरा माणूस, अशी चित्रकारांची ठरावीक सोय असते. इथे दोघी असून एकान्त आहे, आणि त्यात दुःखाचा लवलेश नाही.

१८८४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एका स्त्रीच्या व्यक्तिचित्रावरून सार्जंटवर गहजब उडाला होता. पुढच्या वर्षी तो इंग्लंडातल्या ब्रॉडवे गावी आला. अकरा वर्षांची डॉली आणि सात वर्षांची पॉली बर्नार्ड यांना बागेत उभे करून सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत तो रोज संध्याकाळी चित्र काढी. तेही हवा तो जांभळट उजेड टिके तेवढीच मोजकी मिनिटे. थंडी पडली, गुलाब गळाले; मग झाडांना कृत्रिम फुले बांधली. १८८६च्या ऑक्टोबरात चित्र पुरे झाले. १८८७ साली ते रॉयल अकॅडमीत मांडले गेले आणि त्याच वर्षी राष्ट्रासाठी विकत घेतले गेले. आज ते टेट संग्रहालयात आहे.

खोट्या फुलांची गोष्ट कळल्यावर मी प्रथम हिरमुसले. पण फुले बांधता आली तरी तो उजेड कुठून बांधून आणणार? त्यासाठी त्याला रोज थांबावेच लागले. वरच्या लिली मात्र मला अजूनही जरा जास्त वाटतात. मुलींच्या चेहऱ्यांवरचा कंदिलाचा उजेड त्यांच्यावाचूनही पुरला असता.

यंदा ते चित्र ओटीवरून काढून मधल्या खोलीत लावले आहे. तिथे दिवा उशिरा लागतो.