गलका कोणाच्या कानात?

प्रेक्षक ओरडतात म्हणून घरचा संघ जिंकतो, हे इथल्या कॉलेज फुटबॉलमधले वेदवाक्य. टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ साली ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात त्याची उलटतपासणी केली. त्यांच्या मते घरच्या मैदानाचा फायदा मुख्यतः पंचांकडून मिळतो. गर्दीच्या दडपणाखाली ते नकळत यजमानांकडे झुकतात.

पुरावा वजनदार आहे. बास्केटबॉलमध्ये समोर कितीही आरडाओरडा होवो, पाहुण्यांचे फ्री थ्रो यजमानांइतकेच यशस्वी होतात. उलट, ॲलन नेव्हिल यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० रेफरींना सॉकरच्या एका सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले, काहींना आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. घरच्या पंचांविषयीच्या कुरबुरी ऐकत क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटते.

माझी हरकत पुढे आहे. फ्री थ्रो टाकायला कान लागत नाहीत. फुटबॉलचा ऑफेन्स मात्र कानांवर चालतो. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएच.डी. केल्यामुळे मला मैदानावर प्रथम दिसतो तो गोंगाटात हरवलेला संदेश. क्वार्टरबॅकची हाक ऐकू आली नाही, की लाइनमन चेंडूकडे तिरका बघत राहतो आणि क्षणभर उशिरा उठतो. घाईने आधीच हलला, तर फॉल्स स्टार्ट आणि ५ यार्ड मागे! यात पंचाने झुकण्याची गरजच नाही. म्हणून तर संघ आठवडाभर कर्णे लावून सराव करतात आणि हाकेऐवजी खुणांवर चेंडू सोडतात. २०२४ पासून वरच्या विभागात हेल्मेटमध्ये रेडिओ आला, पण त्यावर प्रशिक्षक फक्त एका खेळाडूशी बोलतो. शेजारचा लाइनमन बहिराच.

मात्र नुसत्या डेसिबलचे कौतुक नको. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी एलएसयूने ऑबर्नला ७-६ असे हरवले, तेव्हाचा जल्लोष विद्यापीठाच्या भूकंपमापकावर उमटला. पण तो टचडाऊन झाल्यानंतरचा! आपला ऑफेन्स खेळत असताना जाणते प्रेक्षक गप्प बसतात. आणि २००७ साली मिशिगनच्या लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ॲपलाचियन स्टेटने ३४-३२ असा विजय मिळवलाच.

पुस्तक जरूर वाचावे. पंचांविषयीचा भाग उत्तम आहे. पण त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा कॉलेज फुटबॉलला लावला, तर स्टुडंट सेक्शनमध्ये घसा बसेपर्यंत ओरडणारी आपली मुले केवळ पंचांवर दडपण आणणारी ठरतात. ते अन्यायाचे आहे. पाहुण्यांच्या ऑफेन्सला गोंधळवणे हा खेळाचाच भाग. पंचांना घाबरवणे नव्हे. चेंडू पाहुण्यांकडे असताना मुलांनी खुशाल ओरडावे. पंच निर्णय घेत असताना मात्र तोंड आवरावे, एवढे त्यांना सांगायला हरकत नाही.