मेंढपाळाची दुपार

डोंबिवलीच्या नोकरदाराने घरची दुपार पाहायची ती रविवारी, आणि तीही झोपेत. एरवी उजाडायच्या आत घर सोडायचे, दिवे लागल्यावर परतायचे. अशा माणसाला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका इतकी का आवडावी, हा प्रश्न संगीताचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे.

एच.एम.व्ही.ने काढलेल्या या तबकडीत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, एवढीच गोष्ट. पहाटे अहिरभैरव, मागोमाग नटभैरव, दुपारी पिलू. मग संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. सगळे चाळीसेक मिनिटांत. म्हणजे धीम्या लोकलने आपण ठाण्याहून दादर गाठेपर्यंत याची मेंढरे चरून घरीसुद्धा!

आमचे एक शेजारी रागदारीचे कडक अभिमानी. ते म्हणतात, ‘‘अहो, बारा मिनिटांत अहिरभैरव? नुसता वास दाखवून ताट ओढून घेतलं की हो!’’ आक्षेप खोटा नाही. ज्याला रागाचा पोटभर विस्तार हवा, त्याने या पंगतीला बसू नये. पण निर्माते जी. एन. जोशी हे मूळचे भावगीत गायक, ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गाजवली ती त्यांनीच. तीन मिनिटांत माणूस हलवायची ज्याला सवय, त्याला बारा मिनिटे म्हणजे चैनच की.

खरी गंमत पुढेच आहे. या तिन्ही वाद्यांना मैफलीत जागा मागूनच घ्यावी लागली होती. बासरीला ती पन्नालाल घोषांनी मिळवून दिली, तीही फार जुनी गोष्ट नव्हे. संतूरवर काड्यांनी आघात करायचा, मग मींड कुठून येणार, अशी शंका. गिटार तर सिनेमातली. काब्रांनी ती आडवी घेतली आणि तारांवरून दांडा सरकवत तिच्यातून मींड काढली. अमेरिकेतले ब्लूग्रासवाले डोब्रो वाजवतात, तशीच. थोडक्यात, तिघेही उभ्याने प्रवास केलेले. तरी इथे कोणी कोणाला कोपर मारत नाही. संतूर बोलू लागले की गिटार आपण होऊन सरकते. बासरी आली की दोघे तिला खिडकी देतात. चौथ्या सीटसाठी भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकताना जरा ओशाळायलाच होते.

माझी तक्रार आहे ती गोष्टीबद्दल. वेष्टनावरचे काश्मीर वाचले नाही, तर मेंढपाळ दिसेलच असे नाही. कल्याणकर तिथे मलंगगड पाहील, ठाणेकर येऊरचे जंगल. पण मेंढपाळ हरवला तरी दिवस हरवत नाही. पिलू सुरू झाला की उन्हाची तिरीप जमिनीवर पडलेली, घर शांत, कुठे जायची घाई नाही, अशी दुपार समोर येते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपल्या गैरहजेरीत घरी येऊन गेलेली ती हीच!

आता ही तबकडी फोनवरही मिळते; गाडीत लटकतसुद्धा ऐकता येते. पण माझे ऐकाल तर कामाच्या दिवशी, घरी, भर दुपारी ऐका. त्यासाठी रजा टाकावी लागली तरी चालेल. फक्त अर्जात ‘मेंढरे राखायची आहेत’ असे कारण लिहू नका.