साल्तियो, पण कोणत्या मागावरचे?

आजी-पणजीच्या ट्रंकेतून मेक्सिकन हातमागाचे एखादे वस्त्र निघाले की घरचे लोक तीन प्रश्न विचारतात : हे कुठले, कधीचे आणि किती किमतीचे? ‘कोणी विणले’ हा चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, कारण त्याला उत्तर नसते असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. जुनी वस्त्रे ओळखण्याची विद्या पहिल्या तीन प्रश्नांवर उभी राहिली. चौथ्या प्रश्नाचे तिने काय केले, हे तपासायला हवे.

सुरुवात नावापासून करू. पेटीतल्या घोंगडीला सर्रास मिळणारे नाव म्हणजे ‘साल्तियो सारापे’. साल्तियो हे मेक्सिकोच्या ईशान्येकडचे, कोआविला राज्यातले शहर. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्याचा मध्य हा या सारापेचा बहराचा काळ. मधोमध दातेरी कडांचा चौकट-शंकरपाळा, भोवती बारीक नक्षीचे मैदान, चहूबाजूंनी किनार, आणि सगळी नक्षी बाण्याच्या रंगीत धाग्यांनी भरलेली. हे वस्त्र खांद्यावर टाकलेला घोडेस्वार म्हणजे ऐपतदार माणूस. पण या शैलीचे सारापे सान मिगेल दे आयेंदे, साकातेकास अशा इतर ठिकाणीही विणले जात. साल्तियोची ख्याती होती ती तिथल्या वार्षिक जत्रेमुळे. येवल्यात विणलेल्या लुगड्याला आपण पैठणी म्हणतो, तसेच हे. म्हणजे चिठ्ठीवरच्या ‘साल्तियो’वरून शैली आणि बाजार कळतो, माग कळत नाही.

नावाच्या या धुक्यातून वाट काढणारे सर्वांत भरवशाचे पुस्तक म्हणजे जो बेन व्हीट यांचे ‘ब्लँकेट वीव्हिंग इन द साउथवेस्ट’. व्हीट १९९७ मध्ये वारले. अ‍ॅन लेन हेडलंड यांनी संपादित केलेले हे पुस्तक २००३ मध्ये आले. व्हीट मूळचे पुरातत्त्वज्ञ, कोलोरॅडोत गव्यांच्या हाडांचे प्राचीन ढीग उकरणारे. ती सवय त्यांनी कापडाकडे आणली. नक्षी आधी पाहायची नाही. आधी सूत पाहायचे : कोणत्या दिशेने पीळ दिलाय, किती पदरी आहे, ताणा लोकरीचा की सुताचा, काठ कसे बांधलेत.

या क्रमामागे पक्के कारण आहे. नक्षी प्रवास करते. साल्तियोचा दातेरी शंकरपाळा उत्तरेला न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिशभाषक विणकरांनी घेतला, नवाहो स्त्रियांनीही घेतला. हाताची सवय मात्र इतक्या सहज बदलत नाही. साल्तियो सारापे पायांनी चालवायच्या अरुंद मागावर दोन अर्ध्या पट्ट्यांत विणून मधोमध शिवलेला असतो; ताणा साधारणपणे सुती किंवा तागाचा, आणि त्याची कापलेली टोके झालर होऊन लोंबतात. शिवणीवर शंकरपाळ्याचे दोन अर्धे किती नेमके जुळलेत, यात विणकराची कसोटी. नवाहो घोंगडी उभ्या मागावर एकसंध विणलेली असते. तिचा ताणा अखंड, टोके न कापलेली. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, खिडकीचा उजेड पुरतो.

रंगाचे तसे नाही. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला, तेव्हा कापडात कृत्रिम रंग सापडला तर ते त्याआधीचे नाही, एवढे ठरते. उलट विधान खरे नाही : नैसर्गिक रंग म्हणजे जुने कापड, असे नव्हे. ओआहाकातल्या तेओतित्लान देल वायेमध्ये निवडुंगावरच्या कोचिनील किड्याच्या लाल रंगाने आजही लोकर रंगवतात. शिवाय लाल कोचिनीलचा की लाखेचा, हे डोळ्यांना कळत नाही, त्याला रासायनिक तपासणी लागते. अशा तपासण्यांत जुन्या नवाहो घोंगड्यांतल्या लाल धाग्यांत लाख सापडली. हे धागे युरोपातून आलेल्या लाल बनातीचे, उसवून पुन्हा विणलेले. लाख ही आपल्याकडच्या जंगलांतली वस्तू.

इथवर व्हीट यांची पद्धत निर्विवाद आहे. अडचण येते ती खुणा एकमेकींशी भांडू लागतात तिथे. काही घोंगड्यांची बांधणी नवाहो हाताची, पण सूत आणि रंग स्पॅनिशभाषक घरातले. न्यू मेक्सिकोतल्या अशा घरांत पकडून आणलेल्या नवाहो स्त्रिया राबत होत्या आणि विणतही होत्या. बाजाराने या कापडांना ‘गुलाम घोंगडी’ असे नाव देऊन टाकले. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती ‘मिश्र’, म्हणजे अपवाद. मला हा क्रम उलटा वाटतो. जिथे चौकट मोडते तिथेच चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जवळ येते : नाव नव्हे, पण एका माणसाची परिस्थिती. सूत मालकाचे, हात तिचे. मात्र याच नावात धोकाही आहे. प्रत्येक मिश्र घोंगडी बंदिवान स्त्रीचीच, असे म्हणता येत नाही. सूत विकतही मिळे, नक्षी शेजारीही शिकवी. दुःखाची चिठ्ठी लावली की किंमत चढते, म्हणून तर ती अधिक जपून लावायला हवी.

पुस्तकाची दुसरी मर्यादा त्याच्या विषयातच आहे. ते आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्येबद्दल आहे. साल्तियो त्यात मुख्यतः शेजारी म्हणून येते. यातला बराच मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोतच होता, तेव्हा ‘मेक्सिकन’ आणि ‘नैर्ऋत्येचे’ हा भेद कापडानंतर आलेला आहे.

आणि ट्रंकांतून खरोखर निघते ते बहुतेकदा यातले काहीच नसते. १८८४ मध्ये मेक्सिको शहर रेल्वेने अमेरिकन सरहद्दीशी जोडले गेले. पुढे प्रवासी आले, आणि त्यांच्यासाठी भडक पट्ट्यांचे, गरुडाचे, अ‍ॅझ्टेक दिनदर्शिकेचे सारापे आले. जाणकार त्यांना ‘पर्यटकी माल’ म्हणून एका शब्दात निकालात काढतात. मग ते कुत्र्याच्या अंथरुणाला जातात. पण तेही कोणी तरी मागावर बसून विणले, आणि गिऱ्हाइकाला कोणता मेक्सिको हवा होता याचा तो पुरावा आहे. अस्सल सारापेलाही गिऱ्हाईक होतेच, फक्त ते घोड्यावर बसून आले.

म्हणून ओळख पटवणाऱ्याने एकच चिठ्ठी लिहू नये, तीन लिहाव्यात. एकीवर जे मोजले ते : ताणा, पीळ, शिवण, रंग. दुसरीवर बाजारातले नाव. तिसरीवर घरातली आठवण : कोणी आणले, कुठून, कोणाच्या अंगावर होते. तिन्हींची सरमिसळ झाली की आठवण पुराव्याचा आव आणते आणि बाजारभाव इतिहास होऊन बसतो. वेगळ्या ठेवल्या तर त्या एकमेकींना खोडून काढू शकतात. ताणा आणि शिवण आणखी शंभर वर्षांनीही मोजता येतील. तिसरी चिठ्ठी मात्र सांगणारा जिवंत आहे तोवरच लिहून होते.