श्रेय कोणाचे? : एका निबंधाच्या निमित्ताने

पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांना 2018 साली प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, तेव्हा वास्तुकलेतील या श्रेष्ठ सन्मानाचे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथमच ऐकले. याच पारितोषिकाच्या इतिहासात एका अन्यायाची नोंद आहे. 1991 साली ते अमेरिकन वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंटुरी यांना देण्यात आले. मानपत्रात त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राऊन यांचा लेखनातील व वास्तूंतील सहकारी म्हणून गौरवाने उल्लेख होता; पारितोषिकात मात्र त्यांना वाटा नव्हता. समारंभाला त्या गेल्या नाहीत.

असे का घडते, हे त्यांनी 16 वर्षे आधीच लिहून ठेवले होते. 'रूम ॲट द टॉप?' हा निबंध 1975 सालचा. परंतु व्यवसायास बाधा येईल या भीतीने त्यांनी तो रोखून धरला आणि तो छापला गेला 1989 साली. त्यात आक्रोश असेल, अशा समजुतीने आम्ही तो उघडला. निघाली ती एक बोचरी, विनोदी साक्ष. वास्तुविशारदांच्या मेळाव्यातून त्यांना 'पत्नी' म्हणून सौजन्याने बाजूस केले जाते. 'लर्निंग फ्रॉम लास वेगस' (1972) या पुस्तकातील विचार आपल्या एकट्याच्या नावावर घालू नयेत, अशी विनंती व्हेंटुरींनी आरंभीच केली होती. समीक्षकांनी नेमके तेच केले. (व्हेंटुरींना लास वेगस दाखवले ते मुळी या बाईंनीच, 1966 साली!)

निबंधाचे बळ या कथनापेक्षा त्यातील निदानात आहे. ज्या कलेत बरेवाईट मोजण्यास निश्चित माप नाही, तेथे माणसे मापाऐवजी गुरू शोधतात. आणि गुरूची मूर्ती त्यांच्या मनात एकट्या पुरुषाची असते. हे निदान आम्हांस पूर्णपणे पटते. द्वेषातून आलेला पक्षपात निदान ओळखू तरी येतो. हा भक्तीतून येतो, म्हणून भल्या माणसांकडूनही घडतो.

त्यांच्या कैवाऱ्यांविषयी मात्र आमची एक तक्रार आहे. त्या पुस्तकावर तिसरे नाव आहे, स्टीव्हन आयझेनॉर यांचे. जोडप्याची बाजू मांडताना ते किती सहज गळून पडते!

2013 साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी दाद मागितली, हजारोंनी सह्या दिल्या. पूर्वीच्या निवड समितीचा निर्णय आम्हांला फिरवता येत नाही, असे उत्तर आले. एकालाच द्यावे असा दंडक म्हणावा, तर 2001 साली हेरझोग आणि द म्यूरोन या दोघा भागीदारांना ते एकत्र मिळाले होतेच. स्कॉट ब्राऊन यांचे मागणे तरी काय होते? पारितोषिक नव्हे, संयुक्त निर्मितीला मान देणारा एक समावेश-समारंभ.

अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने 2016 साली उभयतांना सुवर्णपदक दिले. व्हेंटुरी 2018 साली निवर्तले. प्रिट्झकरच्या यादीत 1991 पुढे एकच नाव आहे.