आकडा उतरतो, सल उतरत नाही

आता एका खेळाकडे वळू. ‘क्रुसेडर किंग्ज टू’, २०१२ साली स्वीडनच्या पॅराडॉक्सने काढलेला. तुम्ही मध्ययुगीन राजा. शेजाऱ्याचा मुलूख घेतलात की तुमच्या नावावर धोक्याचा आकडा चढतो. तो फार चढला की इतर राजे तुमच्याविरुद्ध संरक्षणाचा करार करतात. २०१६ मध्ये ही रचना आली तेव्हा बरेच खेळाडू चिडले. मला ती पटते. वाढत्या बळाला भीती चिकटतेच, हे थ्युसिडिडीसने अथेन्स-स्पार्टाबद्दल सांगितलंच आहे.

माझी हरकत पुढे आहे. स्वस्थ बसलं की हा आकडा आपोआप उतरतो. मग खेळाडू काय करतो? एक प्रांत गिळतो, थांबतो, पुन्हा गिळतो.

आता इतिहास बघा. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने १२०४ मध्ये इंग्लंडच्या जॉनकडून नॉर्मंडी घेतली. दहा वर्षांनी, १२१४ मध्ये, जॉन, सम्राट ऑटो आणि फ्लँडर्सचा काउंट त्याच्यावर एकत्र चालून गेले. जॉनला मुलूख परत हवा होता, ऑटोला सिंहासन टिकवायचं होतं, काउंटला गेलेली शहरं हवी होती. म्हणजे ही एक भीती नव्हती, तीन गाऱ्हाणी होती. बूव्हीनला फिलिप जिंकला, ती गोष्ट वेगळी.

खेळात वारशाचे दावे आहेत, मान्य. पण संरक्षणाचा करार जमतो तो आकड्यावर. आणि हा आकडा घेणाऱ्याच्या घड्याळाने उतरतो; ज्याचं गेलं, त्याला कुणी विचारत नाही. काळ लोटला म्हणजे अन्याय मिटला, हे खेळातसुद्धा इतकं सोपं असू नये.