गोटमार : अर्धवट वाचलेली कथा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्णेकर तो हस्तगत करण्यास सरसावतात आणि सावरगावकर दगडांनी त्यांना अडवतात. प्रशासन या गोटमारीकडे सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहते, भाविक चंडीमातेची सेवा म्हणून, तर बाहेरगावचे प्रेक्षक थरार म्हणून. तिच्या मुळाशी असलेल्या दंतकथेचा कथा म्हणून विचार क्वचितच होतो.

पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि नदीच्या मध्यावर त्यांच्यावर दगड बरसले, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. पुढे पाठभेद आहेत. एका पाठात पांढुर्णेकर जोडप्याला सोडवून आणतात. दुसऱ्या पाठात दोघेही पात्रातच मरण पावतात आणि लज्जित झालेली दोन्ही गावे त्यांचे देह चंडीमातेच्या मंदिरात नेऊन पूजतात. माझ्या मते कथेचे मर्म या दुसऱ्या शेवटात आहे. दगड हा कथेचा मध्य असून पश्चात्ताप हा तिचा शेवट आहे. विधीने मध्य जसाच्या तसा उचलला. आजही झेंडा चंडीमातेलाच अर्पण होतो. परंतु देहांच्या जागी झेंडा आला आणि शोकाची जागा जयघोषाने घेतली.

दगड थांबले तर स्मृतीच पुसली जाईल, असा आक्षेप घेतला जातो. आपल्याला नागपूरचे गोवारी स्मारक परिचित आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी तेथे चेंगराचेंगरीत 114 गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक श्रद्धांजलीसाठी जमतात. स्मृती टिकवण्यासाठी चेंगराचेंगरी पुन्हा घडवावी लागत नाही.

पांढुर्ण्यात दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले गेले. तो उपाय रुजला नाही. त्यात साधन बदलले, कथेचे वाचन बदलले नाही. शासकीय सेवेत असताना मीही एकदा त्या काठावर बंदोबस्तासाठी उभा होतो. जखमींचे आकडे लिहून ‘परिस्थिती नियंत्रणात’ असा शेरा मी मारला. त्या जोडप्याचा विचार तेव्हा मनात आला नाही, याची आज खंत वाटते.

दंतकथेने त्या दोघांची नावे राखली नाहीत. गोटमारीत पुढे ज्यांचे प्राण गेले, त्यांना मात्र नावे होती, घरे होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांनी काठावर एकत्र बसून ही कथा शेवटापर्यंत सांगावी आणि त्या नावांचा उच्चार करावा. परंपरेशी प्रामाणिक राहण्याचा तोच मार्ग मला दिसतो.